चेटकिणीचा जमाखर्च

व्हॅम्पायर असतात, हे मला मान्य आहे. अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी सिनसिनाटी नावाचं शहर आहे आणि तिथला सगळ्यात वजनदार, शेकडो वर्षांपूर्वी मेलेला व्हॅम्पायर पिझ्झाचं हॉटेल चालवतो, यावरही माझं काही म्हणणं नाही. दुसऱ्या मितीतला सैतान हिरवा मखमली कोट घालून प्रकट होतो. होऊ दे. चार इंच उंचीचा पंखवाला पिक्सी नायिकेच्या कानातल्या रिंगवर बसून अर्वाच्य बोलतो. बोलू दे. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. वार्षिक सभेत याहून अर्वाच्य ऐकलेलं आहे. माझा प्रश्न साधा आहे. या बाईला महिन्याचं भाडं भरताना नाकी नऊ येतात, तरी जिवावर उदार होऊन करायच्या कामाचे पैसे ती आगाऊ का घेत नाही?

बाईचं नाव रेचल मॉर्गन. ती चेटकीण आहे, पण झाडूवरून फिरणारी नव्हे, बसने जाणारी. भुतंखेतं आणि जादूटोणा गावकुसाबाहेर न ठेवता सिग्नल, पोलीस ठाणी आणि वीजबिलं यांच्यामध्ये आणून बसवणाऱ्या कादंबऱ्यांना 'अर्बन फँटसी' म्हणतात. एमा बुलने १९८७ साली 'वॉर फॉर द ओक्स'मध्ये परीलोकातलं युद्ध मिनिआपोलिसच्या रस्त्यांवर उतरवलं. १९९३ मध्ये लॉरेल हॅमिल्टनने सेंट लुइसमध्ये मुडदे उठवून पोट भरणारी अनिटा ब्लेक आणली. मग २००० नंतर रांगच लागली: तोंडाळ, हातघाईवर येणाऱ्या, कोणाच्या बापाला न भिणाऱ्या आणि बँकेत शिल्लक नसणाऱ्या बायकांची. रेचलची पहिली कादंबरी, किम हॅरिसनची 'डेड विच वॉकिंग', २००४ सालची. (लेखिकेचं खरं नाव डॉन कुक, त्याही नावाने तिच्या कादंबऱ्या आहेत. आमच्याकडे दोन नावांनी व्यवहार केले की केवायसी पुन्हा करावं लागतं.)

पहिल्याच प्रकरणात रेचल सरकारी कामावर आहे आणि काम काय, तर कर चुकवणाऱ्या लेप्रिकॉनला (इच्छा पुरवणारा आयरिश बुटका) पकडणं. इथे मी सावरून बसले. भुताखेतांच्या गोष्टीची सुरुवात करचुकवेगिरीने होते, म्हणजे लेखिकेला व्यवहार कळतो. पण रेचल काय करते? तीन इच्छांच्या मोबदल्यात आरोपीला सोडून देते. याला आपल्याकडे एकच शब्द आहे आणि त्यासाठी वेगळं खातं आहे. पाठोपाठ ती नोकरी सोडते. हातात दुसरं काम नाही, गाठीला पैसा नाही, भविष्य निर्वाह निधीचा तर उल्लेखही नाही. सोबत आयव्ही टॅमवुड नावाची जिवंत व्हॅम्पायर आणि जेंक्स नावाचा तो रिंगवर बसणारा पिक्सी. तिघं मिळून 'व्हॅम्पिरिक चार्म्स' ही भागीदारी काढतात आणि जुनी कचेरी हिच्या जिवावर उठते. कचेरी जिवावर उठते ते मला पटलं. भागीदारीचा कागद कुठे आहे, ते मात्र शेवटपर्यंत सापडलं नाही.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला रेचल एका बेसबॉल संघासाठी एका बड्या धेंडाच्या कचेरीतून मासा उचलून आणते. संघाचं म्हणणं, मासा त्यांचाच, चोरीला गेलेला. नंतर कळतं की मासा त्यांचा नव्हताच. मग संघ पैसे द्यायला तयार नाही, फोन घेत नाही, आणि ही थकबाकी पुढे कादंबरीभर लोंबकळत राहते. इतर वाचक या भागातल्या सैतानाच्या प्रसंगाबद्दल बोलतात. मी त्या माशापाशी अडकले. लेखी ऑर्डर नाही, आगाऊ रक्कम नाही, मालकी हक्काची खातरजमा नाही. ज्या बाईला लांडग्यांच्या टोळीशी कसं वागायचं हे कळतं, तिला निम्मे पैसे आधी घ्यावेत हे कळू नये? आमच्या इमारतीत टाकी धुणारासुद्धा टाकीत उतरायच्या आधी पैसे मोजून घेतो.

बरं, खर्च थोडा आहे असंही नाही. तिची मातीची जादू, म्हणजे वनस्पती उकळून करायची ती, तांब्याच्या भांड्यांतच होते. उकळलेला काढा रेडवूडच्या चकतीवर घालायचा आणि वेळ आली की सुई टोचून बोटातले तीन थेंब रक्त त्यावर पाडायचे; मग मंत्र जागा होतो. घरी बसून साखर तपासणाऱ्यांना हा विधी सांगायला नको. फक्त त्यांना एकदा टोचून भागतं, हिला एका कादंबरीत किती वेळा टोचावं लागतं त्याला गणती नाही आणि त्या सुया बाजारातून विकतच येतात. खाऱ्या पाण्याने मंत्र पुसला जातो, म्हणून मीठ किलोंनी लागतं. स्वयंपाकघरात दोन शेगड्या, एक जेवणाची आणि एक मंत्रांची. ही शिस्त मला मनापासून आवडली. आमच्याकडे कांदा-लसणाची कढई वेगळी ठेवणाऱ्या घरांत याबद्दल कोणी चकार शब्द काढणार नाही. पण गॅस दुप्पट. तो कोणाच्या नावावर?

राहायची जागा चर्च. पवित्र भूमीवर मेलेल्या व्हॅम्पायरला पाय ठेवता येत नाही, म्हणून मुद्दाम चर्च घेतलेलं. आयव्ही अजून जिवंत असल्याने तिला चालतं. मागे कबरस्तान. आवारातल्या तोडलेल्या झाडाच्या बुंध्यात जेंक्स, त्याची बायको मॅटलिना आणि पन्नासच्या आसपास मुलं. पोटभाडेकरू म्हणून नोंद नाही, ना-हरकत नाही, पाण्याचा माणशी हिशेब नाही. बागेची राखण करतात म्हणे. आमच्याकडेही एक कुटुंब बागेची राखण करण्याच्या बोलीवर आलं होतं. त्याचा दावा अजून चालू आहे. या घरात एका गोष्टीची मात्र तारीफ करायला हवी. व्हॅम्पायरबरोबर राहताना चुकून त्याची भूक चाळवेल असं काय करू नये, याचं छापील पुस्तक आयव्ही रेचलला वाचायला देते. उपविधी छापील असले की निम्मी भांडणं मिटतात, हे मी वर्षानुवर्षं सांगते आहे. रेचलने ते नीट वाचलं नाही. आमच्याकडेही कोणी वाचत नाही.

टोमॅटोचं प्रकरण समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. हॅरिसनच्या जगात १९६० च्या दशकात माणसं चंद्राच्या मागे न लागता जनुकांच्या मागे लागली. प्रयोगशाळेतला एक विषाणू जनुकं बदललेल्या टोमॅटोला चिकटला आणि जगातली सुमारे पाव माणसं मेली. चेटक्या, व्हॅम्पायर, लांडगेमाणसं यांना काही झालं नाही. माणसांची संख्या घटल्यावर ही मंडळी लपणं सोडून उघड्यावर आली, कर भरू लागली (लेप्रिकॉन वगळता), मतदान करू लागली. तेव्हापासून माणसं टोमॅटोच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत. पिझ्झावर पांढरा सॉस. लाल सॉस हवा असेल तर नदीपलीकडे हॉलोज नावाच्या वस्तीत, त्या मेलेल्या व्हॅम्पायरच्या हॉटेलात जायचं. कल्पना म्हणून मी हिला पैकीच्या पैकी गुण देते; जग बदललं हे सांगायला लेखिकेने पडक्या इमारती दाखवल्या नाहीत, ताटातली एक वस्तू काढून घेतली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोने भल्याभल्यांना रडवलेलं आपण पाहिलं आहे, पण मानवजातीचा पाव हिस्सा म्हणजे कमाल झाली. खऱ्या सिनसिनाटीत १९२२ साली मॅसेडोनियातून आलेल्या भावांनी सुरू केलेला एक पदार्थ आहे: उकडलेल्या स्पॅघेटीवर दालचिनी घातलेला पातळसर खिमा, त्यावर किसलेल्या चीजचा ढीग. तिकडे याला 'चिली' म्हणतात आणि मोठ्या अभिमानाने खातात. या शहराला घाबरायला टोमॅटोच सापडला.

शहरांच्या निवडीबद्दलही माझी तक्रार नोंदवून घ्यावी. न्यूयॉर्क, पॅरिस सोडून या बायकांना सिनसिनाटी, सेंट लुइस, नाहीतर वॉशिंग्टन राज्यातली ट्राय-सिटीज असली गावंच राहायला मिळतात. पण सिनसिनाटीचं मी समजू शकते. १९२० साली तिथे भुयारी रेल्वेचं काम सुरू झालं, बोगदे खणले, स्थानकं बांधली, पैसे संपले. आजतागायत त्यातून प्रवाशांची एकही गाडी धावलेली नाही. अशा शहरात खजिनदाराचं भूत कुठे ना कुठे भटकत असणारच. त्याची भेट कोणी घडवली असती तर मी पुस्तक विकत घेतलं असतं, तेही नवं.

आता तिच्या तोंडाबद्दल. ही नायिका 'विनोदी' आहे असं मलपृष्ठावर लिहिलेलं असतं, म्हणजे सैतानाने गळा धरला की ही एक टोमणा मारते, सैतान तो ऐकून घेतो, त्यावर उत्तर देतो, ही प्रत्युत्तर करते आणि मग पुन्हा गळा धरला जातो. मला सैतानाचा हा सुसंस्कृतपणा खटकतो. आमच्या सभेत अध्यक्षांचं वाक्य आजवर कोणी पूर्ण होऊ दिलेलं नाही. गोष्ट नायिकाच 'मी, मी' करून सांगते, तेव्हा ती मरणार नाही हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. टोमण्यांमधली निम्मी हिंमत तिथून येते. त्यातल्या त्यात सैतान अल आणि रेचल यांची घासाघीस खरी वाटते, कारण तिथे तरी दोघं सौदा करतात: अमुक माहितीच्या बदल्यात तमुक, अमक्या उपकारापोटी अंगावर एक खूण. ती खूण म्हणजे सरळ सरळ उचल आहे, व्याजासकट. दोन पुस्तकांत हिच्या अंगावर इतकी उचल झाली की एखाद्या सावकाराने हिला दारात उभं केलं नसतं. जिवंत गिऱ्हाइकाकडून दमडी आगाऊ न मागणारी बाई सैतानाकडून मात्र बेधडक उधार घेते.

कपडे. चामड्याची विजार, चामड्याचा कोट, उंच बूट. सिनसिनाटीचा उन्हाळा दमट असतो. चामडं धुता येत नाही, इस्त्री करता येत नाही, आणि त्यावर रक्त, काढा आणि खारं पाणी पडल्यावर त्याचं काय होतं हे कोल्हापूरला विचारा. इतक्या कादंबऱ्यांत कोणी ड्रायक्लीनरची चिठ्ठी हरवल्याचा प्रसंग नाही. मुखपृष्ठावर तर बाई आपल्याकडे पाठ करून उभी असते, कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, मान तिसरीकडे. असं खरोखर उभं राहता येतं का, हे २०१२ साली जिम हाइन्स नावाच्या अमेरिकी फँटसी लेखकाने स्वतः करून पाहिलं. मुखपृष्ठांवरच्या बायकांच्या पवित्र्यात उभं राहून त्याने आपलेच फोटो काढून घेतले. पुरुष त्या कोनात उभा राहिला की जे दिसतं ते पाहून जग हसलं. मुखपृष्ठांवरच्या बायकांची पाठ मात्र तशीच राहिली. पाठदुखीवर रेचलकडे वेदना मारणारा ताईत असतो, हे खरं. पण तोही पुन्हा टोचून.

पहिल्या भागात ती मुंगसासारख्या मिंकचं रूप घेऊन ट्रेंट कॅलमॅक नावाच्या धनाढ्य नगरसेवकाच्या कचेरीत घुसते, पकडली जाते, पिंजऱ्यात पडते आणि शहरातल्या उंदरांच्या चोरट्या झुंजींत उतरवली जाते. या झुंजींवर पैजा लागतात. रोख रक्कम, पावती नाही. तिथून ती वाचते, चार दिवसांत बरी होते, पुढे बऱ्याच भागांनंतर त्याच ट्रेंटच्या गळ्यात पडते. पिंजऱ्यात ठेवणाऱ्या माणसाशी सोयरीक आपल्याकडेही होते, पण आधी पत्रिका बघतात. आणि माणसाने झोपायचं कधी? एका कादंबरीत जेमतेम आठवडा सरतो, त्यात चार मारामाऱ्या, दोन शाप, एक अपहरण. एकदाही कोणी 'आज सुट्टी, घर आवरते' म्हणत नाही.

वाचकाच्या पैशांचंही बघू. या मालिकेतल्या बऱ्याच भागांची नावं क्लिंट ईस्टवुडच्या सिनेमांवरून बेतलेली आहेत: 'द गुड, द बॅड अँड द अनडेड', 'अ फिस्टफुल ऑफ चार्म्स', 'फॉर अ फ्यू डीमन्स मोअर'. गंमत म्हणून एकदा ठीक. पण भागाचा क्रमांक मुखपृष्ठावर शोधावा लागतो, आणि सिनेमे कोणत्या क्रमाने आले हे पाठ असून उपयोग नाही, कारण पुस्तकं त्या क्रमाने नाहीत. भरीला २००८ सालचा भाग अमेरिकेत 'द आउटलॉ डीमन वेल्स' नावाने निघाला आणि ब्रिटनमध्ये 'वेअर डीमन्स डेअर' नावाने. भारतात दोन्ही देशांच्या प्रती येतात. पदपथावर ढिगातून पुस्तकं उचलणाऱ्याने करायचं काय? विकणाऱ्याला म्हटलं, अहो, हे दोन्ही एकच आहे. तो म्हणाला, ताई, नाव वेगळं आहे. २०१४ मध्ये 'द विच विथ नो नेम' हा शेवटचा भाग म्हणून निघाला. शेवटी लेखिकेने गोष्ट बरीच वर्षं पुढे नेऊन सगळ्यांचं काय झालं तेही दाखवलं. मी मालिकेचं खातं बंद केलं. २०२० मध्ये 'अमेरिकन डीमन' आली, मधल्या काळातली, आणि खातं पुन्हा उघडावं लागलं. हिशेब बंद झाल्यावर नोंदी घालायच्या नसतात, हे अमेरिकेत शिकवत नाहीत का?

याच रांगेतल्या इतरांचं वागणं मी तपासून पाहिलं. जिम बुचरचा हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोचा जादूगार चक्क टेलिफोनच्या पिवळ्या पानांत नाव घालतो आणि पोलिसांकडून सल्ल्याची फी घेतो. कफल्लक असला तरी मार्ग सरळ आहे. पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्प्सन कोल्ह्याच्या जातीच्या कायोटीचं रूप घेते, पण दिवसा फोक्सवॅगन दुरुस्त करते. गाडी दुरुस्त करणारी बाई मजुरी लावते, सुट्या भागांचे पैसे वेगळे धरते. माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. इलोना अँड्र्यूज या नवराबायकोंच्या जोडनावाने लिहिलेली केट डॅनियल्स अटलांटात राहते. तिथे जादूची लाट आली की वीज जाते, बंदुका चालत नाहीत, मोटारी थांबतात, आणि लाट ओसरली की सगळं पुन्हा सुरू. पहिला भाग 'मॅजिक बाइट्स' २००७ सालचा. त्या वर्षी महाराष्ट्रात भारनियमन ऐन भरात होतं. अमेरिकी समीक्षकांना ही कल्पना अद्भुत वाटली. आपल्याकडे खेड्यापाड्यांतले लोक त्या कल्पनेत पंप चालवत होते, आणि त्यांना लाटेचं वेळापत्रक तरी मिळायचं. केटला तेही नाही.

रेचलने तिचा धंदा पुण्यात काढला असता तर काय, याचाही मी विचार केला. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. अलौकिक शक्तीच्या नावाने लोकांना लुबाडणाऱ्यांसाठी तो आहे. रेचलचा वकील म्हणाला असता की माझ्या अशिलाने आजवर कोणाकडून वेळेवर पैसे मिळवलेलेच नाहीत, तेव्हा लुबाडणूक सिद्ध होत नाही. खटला उभा राहिला नसता. हिच्या गलथान वसुलीचा एवढा एकच फायदा मला दिसला.

आमच्या हडळी, जखिणी, मुंजे, वेताळ यांच्यावर कोणी असं का लिहीत नाही, असं मला विचारलं जातं. त्यांच्याकडे पिंपळ आहे, विहीर आहे, वेस आहे, भाडं नाही. भाडं नसलं की शहरातली कादंबरी उभी राहत नाही. रेचलला मी इतकी नावं ठेवते तरी तिचेच भाग वाचते, त्याचं कारण हेच असावं: महिनाअखेरीला हात आखडणारी चेटकीण दुसरी कोणी मला भेटली नाही. पुढच्या भागात लेखिकेने एक पान घालावं, जास्त नको. वर 'व्हॅम्पिरिक चार्म्स', खाली कामाचा तपशील, सुया, मीठ, गॅस, रात्रपाळीचा भत्ता आणि 'निम्मी रक्कम आगाऊ'.

तूर्त माझ्याकडे 'वेअर डीमन्स डेअर'ची एक जादा प्रत विक्रीला आहे. पाठीमागच्या पानावर चहाचा डाग, तो आधीच्या मालकाचा. ज्यांच्याकडे 'द आउटलॉ डीमन वेल्स' असेल त्यांनी घेऊ नये. किंमत पक्की, उधारी नाही, पावती मिळेल.